कौल कशाचा घ्यायचा?

२०२३ चा फेब्रुवारी संपत आला होता. २४ तारखेला केंद्र सरकारने औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर करायला मंजुरी दिली. तीनच दिवसांनी, २७ आणि २८ फेब्रुवारीला, जी-२० राष्ट्रांच्या महिलाविषयक गटाची म्हणजे डब्ल्यू-२० ची पहिली बैठक याच शहरात भरली. पाहुण्यांच्या वाटेवरचे रस्ते नीट झाले, दुभाजकांत झाडे लागली, भिंती चित्रांनी रंगल्या. बैठकीच्या विषयपत्रिकेवर महिलांची उद्योजकता, डिजिटल दरी, हवामानबदल हे विषय होते. त्या आठवड्यातही शहरातल्या अनेक वसाहतींत नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळीच येत होते आणि गुंठेवारीच्या कित्येक गल्ल्या टँकरची वाट पाहत होत्या. अस्मितेचा प्रश्न, जगाचा प्रश्न आणि नळाचा प्रश्न असे तिन्ही एकाच आठवड्यात एकाच शहराच्या दारात उभे होते. यातला कोणता पहिला? लोकांना काय वाटते? आणि लोकांना काय वाटते हे ठरवायचे कोणी? आपल्याकडे जनमताची चर्चा बहुधा 'कोण जिंकणार' या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणत्या कामाला आधी हात घालावा याबद्दल लोकांचे मत काय, ते पक्षापक्षांत कुठे विभागते आणि कुठे विभागत नाही, हा त्याहून मोलाचा प्रश्न मागे पडतो. त्याचा आढावा घेण्यासाठी हे शहर फार योग्य आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: कोणती दुखणी मोठी आहेत यावर इथल्या माणसांचे बऱ्यापैकी एकमत आहे. फूट आहे ती दोष कोणाचा आणि श्रेय कोणाचे यावर. ती फूट इतकी रुंद झाली, कारण लोकांना अधिकृतपणे विचारले गेलेले प्रश्नच चुकीचे होते.

आधी देशाचे चित्र पाहू. लोकनीती-सीएसडीएसने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी १९ राज्यांतल्या सुमारे दहा हजार मतदारांना विचारले, की मत देताना तुमच्या लेखी सर्वांत मोठा मुद्दा कोणता. २७ टक्क्यांनी बेरोजगारी सांगितली, २३ टक्क्यांनी महागाई. राममंदिराचे नाव ८ टक्क्यांनी घेतले, हिंदुत्वाचे २ टक्क्यांनी. नोकरी मिळणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, असे ६२ टक्के लोक म्हणाले. हा देश सर्व धर्मांच्या लोकांचा सारखाच आहे, असे म्हणणारे ७९ टक्के निघाले. त्याआधी, २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत, प्यू संशोधन केंद्राने भारतात सुमारे तीस हजार लोकांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या होत्या. धार्मिक हिंसाचार ही देशापुढची फार मोठी समस्या आहे, असे ६५ टक्के हिंदूंनी सांगितले आणि मुसलमानांतही हे प्रमाण नेमके ६५ टक्केच निघाले. बेरोजगारीला फार मोठी समस्या मानणारे एकूण ८४ टक्के होते. अशा आकड्यांपुढे 'लोक विभागले गेले आहेत' हे नेहमीचे वाक्य अपुरे ठरते. दुखते कुठे, या प्रश्नाला माणसे जवळजवळ एकच उत्तर देतात.

मतपेटीतले चित्र मात्र वेगळे असते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७५ हजार होती. त्यात हिंदू ५१ टक्के, मुसलमान जवळपास ३१ टक्के आणि बौद्ध १५ टक्के. २०१९ च्या लोकसभेला एमआयएमचे इम्तियाज जलील ३,८९,०४२ मते घेऊन निवडून आले. शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंना त्यांच्यापेक्षा ४,४९२ मते कमी पडली. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली. हे तीन ढीग बेरोजगारीबद्दलच्या तीन मतांचे नव्हते. कोणता समाज कोणामागे उभा राहिला, याचे ते मोजमाप होते. २०२४ मध्ये शिवसेना फुटलेली असताना शिंदे गटाचे संदीपान भुमरे सुमारे १ लाख ३४ हजारांच्या फरकाने जिंकले. पुन्हा हिशेब तोच, कोणत्या समाजाची मते फुटली आणि कोणाची एकवटली. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या अभ्यासकांनी २०१८ च्या 'आयडिऑलॉजी अँड आयडेंटिटी' या पुस्तकात मांडले आहे, की भारतीय राजकारणात विचारांची फूट नाही असे मानणे चूक आहे. ती दोन प्रश्नांवर आहे. राज्यसंस्थेने समाजाच्या व्यवहारात किती हात घालावा, हा एक. मागे राहिलेल्या समूहांना राज्यसंस्थेने किती आणि कसे सामावून घ्यावे, हा दुसरा. ही मांडणी आपल्या शहराला लावली तर दुसरा प्रश्न रोज भेटतो. नळाचे पाणी किती दिवसांनी यावे, हा त्या दोन्हींत कुठेच थेट बसत नाही. म्हणून तो सर्वांचा असूनही कोणत्याच पक्षाचा होत नाही.

पाण्याचा इतिहास थोडा जवळून पाहिला की हे उघड होते. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर-ए-अंबरी खोदून ज्या वस्तीला पाणी दिले, ती ही वस्ती. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा जलाशय, नाथसागर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि तो काठोकाठ भरलेल्या वर्षीही शहराची तहान भागत नाही. उणीव पाण्याची नाही, ते आणण्याची आहे. सत्तरच्या दशकातली ७०० मिलिमीटरची आणि नव्वदच्या दशकारंभीची १४०० मिलिमीटरची, अशा दोन जुन्या जलवाहिन्यांवर शहर वाढत गेले. २००९ च्या सुमारास खासगी भागीदारीतून समांतर जलवाहिनीची योजना आली. २०१४ मध्ये कंपनीच्या हाती पाणीपुरवठा गेला आणि २०१६ मध्ये करारच मोडला. मग १,६८० कोटींची नवी योजना आली. १२ डिसेंबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तिचे भूमिपूजन केले. पुढे ती केंद्राच्या अमृत योजनेत जाऊन २,७४० कोटींची झाली. जायकवाडी ते नक्षत्रवाडी अशी अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी हा तिचा कणा. मुदती टळत गेल्या आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला कामावर देखरेख ठेवावी लागली. या काळात शहरात आणि राज्यात जवळपास प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेला आहे.

आता या एकाच प्रश्नावर पक्षांच्या जागा कशा बदलल्या ते पाहा. २३ मे २०२२ रोजी, महाविकास आघाडीचे सरकार असताना, देवेंद्र फडणवीसांच्या नेतृत्वाखाली भाजपने शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. रिकामे हंडे घेऊन बायका रस्त्यावर आल्या. दोनच आठवड्यांनी, ८ जूनला, मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर उद्धव ठाकरे यांची सभा झाली आणि पाण्याच्या योजनेचा खुलासा त्यांना जाहीर सभेत करावा लागला. त्याच उन्हाळ्यात पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आणली गेली. पाणी दुप्पट झाले नाही, बिल निम्मे झाले. तीन वर्षे सरली, सरकार बदलले, आणि मे २०२५ मध्ये 'लबाडांनो, पाणी द्या' म्हणत ठाकरेंची शिवसेना रस्त्यावर उतरली. हंडे तेच, मागणी तीच, मोर्च्यापुढचे झेंडे तेवढे बदलले. दोन्ही मोर्च्यांत चाललेल्या बाईचे मत एकच होते: पाणी हवे. तिच्या मताचा पक्षांनी केलेला अर्थ मात्र दोन वेळा दोन निघाला, कारण तिला विचारलेला प्रश्न 'पाणी कसे आणायचे' असा नव्हता, 'दोष कोणाच्या माथी मारायचा' असा होता.

या फुटीचा स्वभाव समजून घ्यायला अमेरिकेशी तुलना उपयोगी पडते. तिथे प्यू संस्था दरवर्षी विचारते, की राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसने कोणत्या कामाला अग्रक्रम द्यावा. २०२० च्या सुरुवातीला हवामानबदलाला अग्रक्रम द्या म्हणणारे डेमोक्रॅट समर्थकांत ७८ टक्के आणि रिपब्लिकन समर्थकांत २१ टक्के होते. समस्या आहे की नाही, इथपासूनच तिथे पक्षभेद सुरू होतो. आपल्याकडे तसे नाही. मराठवाड्यात दुष्काळ नाही असे म्हणणारा पक्ष कुठेच सापडणार नाही. पण अमेरिकेतल्या मतचाचण्यांतली दुसरी एक गोष्ट आपल्याशी जुळते. तिथे सत्तेत कोण आहे यावर अर्थव्यवस्था चांगली की वाईट हे मत फिरते. अध्यक्ष बदलला की काही आठवड्यांतच दोन्ही पक्षांच्या समर्थकांची उत्तरे उलटतात, बाजारातले भाव तेवढ्यात बदललेले नसतात. आपले पाण्याचे राजकारण याच जातीचे आहे. तिथली फूट निदान धोरणाच्या वादातून काही निष्पन्न करते, कायदे होतात किंवा मोडले जातात. आपल्याकडची फूट दोषारोपावर जगते, म्हणून तिच्यातून मोर्चे निघतात आणि जलवाहिनी तशीच राहते.

काम रखडले की दोष शोधता शोधता माणसे शेजाऱ्यापर्यंत येतात. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार या जुन्या भागांत दंगल झाली, दोन जीव गेले, दुकाने जळाली. ती भडकण्याच्या कारणांत बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईचाही उल्लेख झाला होता. पाणी पुरेसे असते तर कोणाची जोडणी आधी तोडली, हा प्रश्न धर्माचा व्हायचे कारण नव्हते. धोरण थकते तिथे अस्मिता कामाला लावली जाते, असा याचा अर्थ मी लावतो.

पण पक्षांच्या रेषा अढळ आहेत असेही नाही. प्रश्न बदलला की त्या कशा पुसल्या जातात, याचे उदाहरण पुन्हा गोदावरीचेच आहे. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, हा वाद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमातून उभा राहिला. मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावे, असा दंडक बसला. २०२३ च्या नोव्हेंबरात पाणी सोडायची वेळ आली तेव्हा नगर-नाशिकचे सर्व पक्षांचे नेते एका बाजूला होते आणि मराठवाड्यातले सर्व पक्षांचे नेते दुसऱ्या बाजूला. एकाच पक्षाचे दोन आमदार एकमेकांविरुद्ध उभे होते. अशीच पक्षापलीकडची एकी १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात दिसली होती. रोजगार, रुंदमापी रेल्वे, सिंचन या मागण्यांसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्याला दिशा दिली. जनमत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. समोर काय ठेवले यावर ते एकवटते किंवा फाटते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नळ आणि नोकरी हेच खरे प्रश्न आणि नाव, सन्मान, ओळख हे खोटे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, जी घरे जाळली गेली, ती आठवली की नाव ही वरवरची बाब आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा सोळा वर्षांच्या लढ्याने माणुसकीचा एक मुद्दा निकाली काढला होता. शहराच्या नावाचेही तसेच. ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरेंनी सभेत 'संभाजीनगर' म्हटल्यापासून ते नाव लाखो लोकांच्या तोंडी होते आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाची आठवण त्यांच्यासाठी खरी आहे. ज्यांच्या पिढ्या जुन्या नावात वाढल्या त्यांची खंतही खरी आहे. नावाच्या प्रश्नाला मी कमी लेखत नाही. फरक इतकाच, की नावाचा प्रश्न एका निर्णयाने सुटतो. ८ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि तो बराचसा मिटला. पाण्याचा प्रश्न एका सहीने सुटत नाही. त्याला वर्षानुवर्षे पैसा, देखभाल, वसुली आणि कोणीतरी रोज उत्तर देणे लागते. हो किंवा नाही असे उत्तर असलेले प्रश्न राजकारणाला सोपे जातात. किती, कधी, कोणाच्या खिशातून, असे प्रश्न जड जातात.

आणि इथेच माझा मुख्य पुरावा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये नामांतरावर हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. विभागीय आयुक्त कार्यालयात बाजूने आणि विरोधात लाखोंच्या संख्येने अर्ज आले. गठ्ठ्यांचे ढीग लागले. उपोषणे झाली, अर्ज भरून घ्यायला चौकाचौकांत टेबले मांडली गेली. लोक उदासीन आहेत, त्यांना सार्वजनिक कामात रस नाही, ही तक्रार त्या एका महिन्याने खोटी पाडली. विचारले तर माणसे सही करायला रांगेत उभी राहतात. मग हेही विचारायला हवे, की पाणीपट्टी किती असावी, आधी कोणत्या भागाला जोडायचे, गळती रोखायला किती खर्च करायचा, यावर अशा हरकती-सूचना कधी मागवल्या गेल्या? शहरांत मतदान केंद्रांच्या पातळीवर क्षेत्रसभा घेण्याची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली. ती कागदावर राहिली. एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. ज्या काळात शहराची सर्वांत मोठी योजना राबवली जात होती, त्याच काळात प्रभागातल्या माणसाला जाब विचारायला स्वतःचा नगरसेवकही नव्हता. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली. १९९४ पासून विभागाचा अनुशेष मोजणारी ती जागाही रिकामी झाली. २०१६ आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठका इथे झाल्या, हजारो कोटींची पॅकेजे जाहीर झाली. पण त्यांतले काय पूर्ण झाले हे वर्षानुवर्षे विचारत राहणारे व्यासपीठ उरले नव्हते.

दुसरा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या मुळावर येतो. बेरोजगारी आणि महागाई यांवर एकमत आहे म्हणता, पण ते शब्दांचे एकमत आहे. आत डोकावले तर हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत. हे अगदी खरे आहे, आणि कांदा त्याची साक्ष देतो. महागाई नको म्हणणाऱ्या शहरी घराला कांदा स्वस्त हवा. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तोच भाव बुडवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये मतदान चालू असताना उठली. कापसाचेही असेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ केले, पुढे ती सवलत डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. गिरणीवाल्याला दिलासा मिळाला, पण सिल्लोड, कन्नड, पैठणच्या शिवारात वेचणी सुरू होते ती नेमकी याच महिन्यांत. वॉशिंग्टनमधला निर्णय असा फुलंब्रीच्या शेतकऱ्याच्या पोत्यापर्यंत येतो. जागतिक धोरण लांबचे आणि गल्लीतले प्रश्न जवळचे, ही विभागणी मराठवाड्याला परवडणारी नाही. म्हणून हा आक्षेप मी मान्य करतो. खाणारा आणि पिकवणारा यांत खरा मतभेद आहे. पण मग पक्षांनी याच मतभेदावर बाजू घ्यायला नको का? आयातशुल्क किती असावे, ग्राहकाला सवलत द्यायची तर त्याचा भार शेतकऱ्याने का उचलावा, यावर ठाम आणि कायम भूमिका असलेला पक्ष दाखवणे कठीण आहे. सत्तेत असताना निर्यातबंदी, विरोधात असताना भावाचे आंदोलन, हा शिरस्ता सर्वांनी पाळला आहे.

मराठा आरक्षणाचा प्रश्नही याच जमिनीतून उगवला. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मनोज जरांगे यांचे उपोषण राज्यभर पोचले. पुढच्या जूनमध्ये वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. शेती तोट्यात, शिकलेल्या मुलाला नोकरी नाही, फीचे पैसे नाहीत, हे दुःख दोन्ही मांडवांत सारखे होते. दोघांत वाटायच्या सरकारी जागा मात्र थोड्या होत्या. २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा महाविकास आघाडीने जिंकल्या, महायुतीकडे राहिली ती याच शहराची. सहा महिन्यांत विधानसभेला वारे फिरले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीने घेतल्या. मतदार सहा महिन्यांत दुसरा माणूस झाला नव्हता. ऑगस्टपासून महिन्याला दीड हजार रुपये बहिणींच्या खात्यात येऊ लागले होते, आणि निवडणुकीच्या सभांत धर्माच्या नावाने एकजुटीची हाक दिली जात होती. कोणत्या प्रश्नाचा दिवा समोर धरला, त्याप्रमाणे तेच मत वेगळे दिसले.

तिसरा आक्षेप मतचाचण्यांवर आहे. २०२४ च्या मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले आणि प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. मग असल्या आकड्यांवर तर्क का उभारायचा? याचे उत्तर असे, की जागांचा अंदाज आणि मतांचा अभ्यास ही दोन वेगळी कामे आहेत. मतांचे जागांत रूपांतर करताना लहानशी चूकही मोठी होते. लोकांना कशाची चिंता आहे, हे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या संस्थांनी विचारले आणि उत्तर एकाच दिशेला गेले, तर त्यावर विसंबणे रास्त आहे. तरीही चाचणीची एक मर्यादा उरतेच. चाचणी माणसाला एकट्याला विचारते, उंबरठ्यावर, काही मिनिटांत. शेजाऱ्याचे ऐकून, खर्च समजून घेऊन त्याचे मत बदलले असते का, हे तिला कळत नाही. ते सभेतच कळते.

चौथा आक्षेप सर्वांत तात्त्विक आहे. पक्षभेद हा लोकशाहीचा प्राण आहे, सगळे एकमताने चालले तर निवड कशातून करायची? मला पक्षभेद कमी करायचा नाही, तो योग्य ठिकाणी हवा आहे. २०२४ च्या विधानसभेला एका आघाडीने महिन्याला २,१०० रुपये देण्याचे वचन दिले, दुसरीने ३,००० रुपयांचे. महिलांच्या हातात रोख पैसा जाणे चांगलेच आहे, त्याने कित्येक घरांत बाईचा शब्द वजनदार झाला. पण तो पैसा कोणत्या खर्चातून वळवायचा, कर वाढवायचे की सिंचन थांबवायचे, यावर दोन्ही बाजू गप्प होत्या. जिथे वाद हवा तिथे स्पर्धा फक्त आकड्याची झाली, आणि जिथे सगळ्यांनी मिळून काम करायला हवे त्या जलवाहिनीवर मात्र हाडवैर. भांडणाची जागा चुकली, भांडण चूक नव्हते.

योग्य प्रश्न विचारला तर काय घडू शकते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. वाळूजजवळचे पाटोदा गाव भास्करराव पेरे पाटलांच्या काळात राज्यभर नावाजले. तिथे नळाला मीटर बसले, पिण्याच्या शुद्ध पाण्याची वेगळी सोय झाली, कर भरणाऱ्या घराला पिठाच्या गिरणीत दळण मोफत मिळू लागले. पाणी किती वापरले हे मीटर सांगतो, किती द्यायचे हे गावाने ठरवलेले, आणि कर भरला की त्याचा मोबदला पिठाच्या डब्यात दिसतो. पैसे कशाचे आणि गेले कुठे, हे उंबऱ्यापाशी कळले की माणूस कर टाळत नाही. गाव लहान म्हणून हे जमले, शहराला लागू नाही, असे कोणी म्हणेल. पण प्रभागातली मतदान केंद्रेही गावाएवढीच असतात, आणि क्षेत्रसभेचा कायदा त्यासाठीच होता. शिवाय पाटोद्याने आणखी एक धडा दिला. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथल्या मतदारांनी पेरे पाटलांच्या घरातल्या उमेदवाराला नाकारले. चांगले काम केलेल्यालाही लोक बदलू शकतात, आणि तरी नळाचे मीटर चालू राहायला हवेत. व्यवस्था एका माणसावर किंवा एका पक्षावर टेकलेली नसावी, हा त्याचा अर्थ.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक अखेर झाली आणि शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. आता पहिली कसोटी त्यांची आहे, आणि दुसरी आपली. प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा बोलावली जावी आणि तिथे तीनच प्रश्न फळ्यावर लिहिले जावेत. पाणी एका दिवसाआड हवे असेल तर वर्षाला किती पाणीपट्टी द्यायची आपली तयारी आहे? आधी सिडकोच्या टाक्या भरायच्या, की गुंठेवारीतली टँकरवाली गल्ली जोडायची? आणि काम तारखेला झाले नाही तर उत्तर कोण देणार? या प्रश्नांवर हिंदू-मुसलमान, मराठा-ओबीसी, भाजप-एमआयएम अशी आधीपासून ठरलेली बाजू कोणाचीच नाही. तिथे वाद होतील, कडाक्याचे होतील, आणि ते व्हायलाच हवेत, कारण ते कामाबद्दलचे वाद असतील. २०२३ च्या मार्चमध्ये या शहराने लाखो सह्या करून दाखवले आहे, की विचारले तर ते बोलते. आता त्याच चौकांत, त्याच टेबलांवर, पाण्याच्या वेळापत्रकाचे अर्ज ठेवले जावेत. त्या अर्जांचे गठ्ठे विभागीय आयुक्त कार्यालयात पोचतील, तेव्हा या शहराचा खरा अग्रक्रम कोणता हे कोणत्याही मतचाचणीशिवाय कळेल.